लेकीचे पैसे नकोत, पोस्टाचं व्याज चालतं : ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा अडीच वर्षांचा अनुभव

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. "पोस्टाचे आले गं," एवढंच म्हणाले आणि मग परड्यातल्या पावट्याच्या शेंगांबद्दल बोलत राहिले. माझ्या वडिलांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मला किती वर्षं लागली, ते सांगितल्याशिवाय या योजनेबद्दल लिहिता येणार नाही.

अण्णांनी कराड तालुक्यातल्या आमच्या गावात पंचेचाळीस वर्षं शिवणकाम केलं. ना पीएफ, ना पेन्शन. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. मी पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते, धाकटी सांगलीला असते. नजर अधू झाल्यावर अण्णांनी मशीन बंद केलं आणि घरातली आवक थांबली. मी पैसे पाठवायला सुरुवात केली, तर पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा तेच पैसे पाकिटात घालून त्यांनी माझ्या मुलीच्या हातात ठेवले. "लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं आमच्या बापानं सांगितलंय," म्हणाले. चिडून नव्हे, अगदी शांतपणे. मी आईच्या हातात गुपचूप हजार-दोन हजार ठेवायची. आई ते डाळीच्या डब्यात लपवायची आणि अण्णांना सांगायची, "दळणाच्या पैशातून उरलेत." आयुष्यभर खोटं न बोललेल्या बाईला माझ्यामुळे नवऱ्याशी खोटं बोलावं लागत होतं.

सासरी तऱ्हा वेगळी होती. सासरे, म्हणजे मामा, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डर होते. त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन महिना २,१४० रुपये मिळते. नवरा दरमहा ५,००० पाठवायचा, ते घेण्यात त्यांना कसला संकोच नव्हता, मुलाचेच पैसे. पण ५,००० पुरत नव्हते आणि वरचे मागताना आत्यांच्या (माझ्या सासूबाईंच्या) जिवावर यायचं. फोन यायचा, दहा मिनिटं सगळ्यांची खुशाली, पावसाची चौकशी, नातीचा अभ्यास, आणि फोन ठेवताठेवता, "गॅस संपत आलाय बघ." त्या एका वाक्यासाठी सगळा फोन असायचा, हे आम्हाला कळायचं. आपल्याला कळतं हे त्यांनाही कळायचं. फोन ठेवल्यावर नवरा गप्प होऊन बाल्कनीत जाऊन उभा राहायचा.

२०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही खेड शिवापूरच्या पुढे घेतलेला अडीच गुंठ्यांचा प्लॉट विकला. मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून घेतला होता. सगळं देऊन-घेऊन साडेबावीस लाख हातात आले. त्याचं काय करायचं यावर आम्ही दोघं दोन महिने बोलत होतो, काही रात्री भांडलोसुद्धा. मुलगी तेव्हा पाचवीत होती, तिच्यासाठी कमवायला आमच्यापुढे अजून वर्षं होती. म्हाताऱ्या माणसांपुढे तेवढी वर्षं नव्हती. शेवटी ठरलं की दहा लाख त्याच्या आई-वडिलांना, दहा लाख माझ्या आई-वडिलांना आणि उरलेले अडीच लाख आजारपणासाठी बाजूला. नवऱ्याने हे समसमान वाटप स्वतःहून मांडलं, हे मला इथे लिहायचं आहे, कारण पुढे नातेवाइकांनी त्यालाच बोल लावले. आत्यांच्या कानावरही कुणीतरी घातलं की सून निम्मे पैसे माहेरी घेऊन गेली. आत्या म्हणाल्या, "तिच्या आई-बापानं शिकवली म्हणूनच ती मिळवती झाली न्हवं?" तिथेच विषय संपला.

आता योजनेबद्दल. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ही केंद्र सरकारची आहे, २००४ पासून चालू आहे, आणि पोस्टात तसंच बँकांमध्ये खातं उघडता येतं. साठ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही एक हजाराच्या पटीत पैसे ठेवता येतात. वरची मर्यादा पूर्वी १५ लाख होती, ती १ एप्रिल २०२३ पासून ३० लाख झाली. मुदत पाच वर्षांची. व्याज दर तीन महिन्यांनी, म्हणजे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला, खात्यात जमा होतं. आम्ही पैसे ठेवले तेव्हा दर ८.२ टक्के होता. सरकार हा दर दर तिमाहीला जाहीर करतं, पण ज्या दिवशी खातं उघडलं त्या दिवशीचा दर आपल्याला पूर्ण पाच वर्षं मिळतो. २०२० ते २०२२ या काळात हाच दर ७.४ होता, तेव्हा आमची वेळ बरी साधली असं म्हणायचं. दहा लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याचे साधारण ६,८३३.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. खातं फक्त नवरा-बायकोचं जोडीने उघडता येतं, मुलाचं नाव त्यात घालता येत नाही. म्हणजे पैसे आई-वडिलांना खरोखर देऊनच टाकावे लागतात. आम्ही आधी त्यांच्या बचत खात्यात पैसे भरले, साध्या कागदावर बक्षीसपत्र लिहिलं आणि मग त्यांच्याच चेकने योजनेत ठेवले. मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांना दिलेल्या बक्षिसावर त्यांना कर लागत नाही, सुनेने सासऱ्यांना किंवा जावयाने सासूबाईंना दिलं तरी लागत नाही. आणि त्यावर मिळणारं व्याज त्यांचं उत्पन्न धरलं जातं, आपल्या पगारात मिळवलं जात नाही. ज्यांच्या आई-वडिलांना दुसरं उत्पन्न जवळजवळ नाही, त्यांच्यासाठी हा मोठा फायदा आहे. तेच दहा लाख आमच्या नावावर ठेवून व्याज त्यांना पाठवलं असतं, तर आधी आमच्या पगाराच्या दराने कर गेला असता.

मामांचं खातं एका बँकेत उघडलं, कारण त्यांचं पेन्शनचं खातं तिथेच होतं. ८ जून २०२३ ला पैसे भरले. सोबत १५-एच फॉर्म दिला. उत्पन्न करपात्र नाही, व्याजातून कर कापू नका, असं सांगणारा हा फॉर्म. जुलैमध्ये तेवीस दिवसांचा तुटक हप्ता आला. ऑक्टोबरमध्ये पहिला पूर्ण हप्ता यायचा होता, २०,५०० चा. आले १८,४५०. शाखेने आमचा फॉर्म संगणकात चढवलाच नव्हता आणि दहा टक्के टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापायचा कर, कापला गेला. त्या वर्षी ज्येष्ठांसाठी कापणीची मर्यादा वर्षाला ५०,००० व्याजाची होती, मामांचं व्याज ८२,००० होत होतं.

पैशाचं नुकसान झालं नाही. पुढच्या वर्षी मामांचं विवरणपत्र भरलं आणि २,०५० रुपये परत आले. पण मधल्या तीन आठवड्यांत जे झालं त्याची मला आजही बोच आहे. मामांनी आम्हाला विचारलंच नाही. त्यांना वाटलं, पुण्यात मुलाला अडचण आली असेल म्हणून त्याने थोडे कमी केले. त्यांनी सकाळचं वर्तमानपत्र बंद केलं आणि रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागले. दिवाळीला गेलो तेव्हा पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजून आत्यांनी मला हे सांगितलं. नवऱ्याने पासबुक काढून त्यांना ती नोंद दाखवली, टीडीएस म्हणजे काय ते समजावलं. मामा बराच वेळ पासबुक हातात धरून बसले होते. "मला वाटलं तुमचंच काही अडलंय," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून आम्ही दोन नियम केले आहेत. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात फॉर्म स्वतः नेऊन द्यायचा आणि शिक्का मारलेली पोच घ्यायची. आणि हप्ता जमा होण्याआधी आकडा फोन करून सांगायचा, "मामा, यंदा वीस हजार पाचशे येणार." १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांची टीडीएसची मर्यादा एक लाख झाली, त्यामुळे ८२,००० व्याजाला आता कात्री लागत नाही. पण त्याच बँकेत तुमच्या वडिलांच्या इतर ठेवी असतील, तर सगळ्यांचं मिळून व्याज बघा.

अण्णांकडे मुद्दा वेगळाच होता. खातं कुठे उघडायचं हा प्रश्नच नव्हता, ते घेतील का हा होता. मी गावी जाऊन दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते, तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, मी तुम्हाला पैसे देत नाहीये. तुमच्या नावाने पोस्टात ठेवतेय. मुद्दल जिथल्या तिथे राहील, नॉमिनी आम्ही दोघी बहिणी. तुम्ही फक्त व्याज वापरा." अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. मुद्दलाला हात लागणार नाही, हे त्यांनी तीनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "आधी थोडे ठेव. बघू."

मुद्दल आणि व्याज यातला हा फरक माझ्यासारख्या रोज जमाखर्च बघणाऱ्या बाईला कळायला उशीर झाला. माझ्यासाठी दोन्ही पैसेच. अण्णांच्या पिढीत मुद्दल म्हणजे घरातली वस्तू आणि व्याज म्हणजे तिचं फळ. लेकीच्या झाडाचा आंबा खाल्ला तर झाड काही कमी होत नाही. दरमहा पाठवलेले पाच हजार हे त्यांच्या लेखी माझ्या मुलीच्या ताटातले होते. पोस्टातून आलेलं व्याज कुणाच्याच ताटातलं नाही. दर तिमाहीला ते स्वतः पोस्टात जातात, पासबुक भरून घेतात, सही करून पैसे काढतात. समोर हात पसरायला कुणी नसतं. कागदावर या योजनेची वैशिष्ट्यं म्हणून दर, मुदत आणि सुरक्षितता लिहिलेली असते. आमच्या घरात तिचं सगळ्यात मोठं काम हे झालं, आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

खातं उघडायला पॅन आणि आधार दोन्ही लागतात. आमची गाडी जन्मतारखेवर अडली. पॅनवर १ जून होती, जी त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख आहे, कारण मास्तरांनी शाळेत घालताना तीच लिहिली. आधारवर १ जानेवारी. साठी केव्हाच उलटली होती, तरी दोन कागद जुळेनात. शाळा सोडल्याचा जुना दाखला शोधण्यात आणि आधार दुरुस्त करण्यात पाच आठवडे गेले. हे काम पैसे हातात येण्याआधीच करून ठेवा. पोस्टातल्या बाईंनी मात्र अण्णांना खुर्चीवर बसवून फॉर्मचा प्रत्येक रकाना वाचून दाखवला, घाई केली नाही. जुलै २०२३ मध्ये सहा लाख ठेवले. त्याचा हप्ता तिमाहीला १२,३००. दोन हप्ते हातात आल्यावर अण्णांचा विश्वास बसला आणि जानेवारी २०२४ मध्ये उरलेल्या चार लाखांचं दुसरं खातं उघडलं, त्याचे ८,२००. दोन्ही मिळून तेच २०,५००.

अण्णांच्या संकोचामुळे झालेली ही दोन खाती पुढे शहाणपणाची ठरली. का, ते सांगते.

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या दिराला जुना मालवाहू टेम्पो घ्यायचा होता, दोन लाख कमी पडत होते. तो मामांकडे गेला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. वडिलांच्या नावावर दहा लाख आहेत म्हटल्यावर कुठलाही मुलगा विचारेल. अडचण अशी की या योजनेतून थोडे पैसे काढता येत नाहीत. मोडायचं तर पूर्ण खातं मोडावं लागतं. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळतच नाही, आधी मिळालेलंही कापून घेतात. वर्ष ते दोन वर्षांत मोडलं तर मुद्दलाचे दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का. म्हणजे दोन लाखांसाठी दहा लाखांचं खातं मोडायचं, दहा हजार सोडायचे आणि तिमाहीची आवक बंद करायची.

मामांनी फॉर्म आणला. आम्हाला कळलं तेव्हा तो भरून टेबलावर होता. नवरा त्या रात्री झोपला नाही. पण पैसे त्यांचे होते. आपण दिले म्हणून त्यावर आपला शब्द चालावा, असं असेल तर ते देणं नव्हतंच, यावर आमचं दोघांचं एकमत होतं. नवऱ्याने फोन करून फक्त हिशोब सांगितला, मोडू नका असं म्हणाला नाही. फॉर्म आत्यांनी थांबवला. त्या म्हणाल्या, "धाकट्याला द्यायचं तर माझी पाटली घ्या. ह्या पैशाला हात लावला तर उद्या पुन्हा गॅससाठी फोन करायची पाळी माझ्यावर येणार." पाटली गहाण ठेवून टेम्पो आला आणि दिराने फेब्रुवारीपर्यंत ती सोडवायचं कबूल केलंय. चार हप्ते त्याने भरलेत.

म्हणून माझा सल्ला आहे की एकच मोठं खातं उघडू नका. एकूण मर्यादेत राहून एकापेक्षा जास्त खाती उघडता येतात. दहा लाख विभागून तीन-चार खाती, काही महिन्यांच्या अंतराने केली, तर वेळ पडली तर एकच मोडेल, बाकीच्यांचं व्याज चालू राहील. पासबुकं जास्त होतात आणि म्हाताऱ्या माणसांना ती सांभाळणं जड जातं, हे खरं. आईने अण्णांच्या दोन पासबुकांना वेगवेगळ्या रंगाच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या आहेत.

तिमाही हप्ता हा दुसरा दोष. घर महिन्याला चालतं. पहिल्या वर्षी आत्यांकडे तिसऱ्या महिन्याला खडखडाट व्हायचा. मग त्यांनी वाण्याची, दूधवाल्याची, औषधांची अशी पाकिटं करून तीन महिन्यांचे भाग पाडायला सुरुवात केली. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे. तिला वयाची अट नाही, म्हणजे सासूबाई अठ्ठावन्नच्या असतील तरी चालतं. आम्ही पाहिलं तेव्हा तिचा दर ७.४ होता. एकट्याच्या नावावर ९ लाख आणि जोडीच्या नावावर १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. दहा लाखांवर महिन्याला साधारण ६,१६७ येतील, म्हणजे ज्येष्ठांच्या योजनेपेक्षा महिन्याला साडेसहाशे-सातशे कमी. मला हा फरक मोठा वाटला. आता पुन्हा ठरवायचं असतं तर आत्यांसाठी थोडे तिथेही ठेवले असते.

आमच्या ओळखीच्या एका एजंटने म्युच्युअल फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढायचा मार्ग सुचवला होता. परतावा कदाचित जास्त मिळाला असता. पण बाजार पडला त्या महिन्यात मी अण्णांना काय सांगितलं असतं? मुद्दल कमी झालंय हे त्यांनी ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे पैसे मला परत केले असते. एलआयसीची वय वंदना योजना लोक अजून विचारतात. ती ३१ मार्च २०२३ ला बंद झाली. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ही वेगळी गोष्ट आहे, ती पेन्शन नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. उत्पन्नाची अट नाही. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर ती सुरू झाली आणि अण्णा बसत असल्याने आम्ही त्यांचं कार्ड लगेच काढून घेतलं. मामा अडुसष्टचे आहेत, त्यांना अजून थांबावं लागेल.

कारण आजारपणाला हे व्याज पुरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. २०,५०० मध्ये किराणा, वीज, गॅस, नेहमीची औषधं आणि थोडा सणवार होतो. आत्यांच्या मोतीबिंदूचा खर्च बाजूला ठेवलेल्या अडीच लाखांतून केला. मामा-आत्यांचा आरोग्य विम्याचा हप्ता नवरा भरतो आणि माझ्या आईचा मी, आणि यालाही कारण आहे. जुन्या करपद्धतीत विम्याच्या हप्त्याची वजावट फक्त स्वतःच्या आई-वडिलांसाठी मिळते, सासू-सासऱ्यांसाठी नाही. मी आत्यांचा हप्ता भरला तर तो कुणाच्याच करात धरला जात नाही. घरात आम्ही चौघांना एकत्र धरतो, पण फॉर्म भरताना दोन रांगा कराव्या लागतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला, त्याने मात्र दोघांचेही हप्ते जाणवण्याइतके हलके झाले.

कायदाही असाच आहे. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह कायद्यात मुलगा, मुलगी, नातवंडं येतात. सून आणि जावई नाहीत. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा त्यात महिना दहा हजारांची आहे. लग्न झालेल्या मुलीवरही आई-वडिलांची जबाबदारी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलं, आणि तो खटला आपल्याच कल्याणमधल्या एका डॉक्टर मुलीचा होता. मी हे अण्णांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "कोर्टात जाऊन बापानं लेकीकडे मागायचं? त्यापेक्षा उपाशी बरा." म्हणून मला वाटतं, मागावं लागू नये अशी व्यवस्था आधीच करून ठेवणं हेच मुलांचं काम आहे, आणि ते लवकर करावं. अण्णांच्या सहीला हात थरथरायच्या आत आम्ही ते केलं, याचं मला समाधान आहे.

माझी धाकटी बहीण पैसे घालू शकली नाही. पण दर शनिवारी ती सांगलीहून गाडी पकडून जाते, औषधांचे डबे भरते, अण्णांना दाढी करायला नेते. चार महिन्यांपूर्वी ती मला म्हणाली, "ताई, तू एवढं दिलंस, मी काहीच नाही." मी तिच्या अडीच वर्षांतल्या शनिवारांचा हिशोब केला तर तो माझ्या दहा लाखांच्या कितीतरी पुढे जातो. नॉमिनी म्हणून दोघींची नावं निम्मी-निम्मी आहेत, ती तशीच राहतील.

आणखी एक उणीव आहे, जी दिवसेंदिवस मोठी होणार. हप्ता पाच वर्षं तेवढाच राहतो. २०२३ मधले २०,५०० आणि २०२८ मधले २०,५०० सारखे नसतील, वाण्याची यादी आत्ताच दाखवतेय. आम्ही दिवाळीला वरून थोडे घालतो; मामा घेतात, अण्णा अजूनही नातीच्या हातात परत ठेवतात. मुदत संपल्यावर तीन वर्षांसाठी वाढवता येतं, पण दर त्या दिवशीचा लागतो, आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो, आपोआप वाढत नाही. मामांच्या खात्याची तारीख जून २०२८ आहे, मी आत्ताच लिहून फ्रिजवर लावली आहे. खातेदार गेला तर त्या दिवसापासून फक्त बचत खात्याचं व्याज मिळतं, मात्र जोडीदाराचं नाव खात्यात असेल आणि नियमात बसत असेल तर तो किंवा ती खातं मुदतीपर्यंत चालू ठेवू शकते. म्हणून दोन्ही घरी खाती जोडीने उघडली. हा विषय अण्णांसमोर काढायला मला अवघड गेलं. आईने काढला.

पाचपैकी चार. एक गुण मी थोडे पैसे काढायची सोय नाही म्हणून कापते, आणि तिमाहीऐवजी महिन्याचा पर्याय दिला तर तो परत देईन. ज्यांच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्यांना ही योजना कामाची नाही, आणि बहुतेक जोडप्यांकडे ते नसतात, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडेही प्लॉट विकेपर्यंत नव्हते. पण तीस-पस्तिशीतलं कुणी हे वाचत असेल तर त्याने आई-वडिलांच्या नावाने दरवर्षी लाख-पन्नास हजारांचं एक-एक खातं उघडत जावं. एक हजारापासून सुरुवात करता येते.

गेल्या दिवाळीत अण्णांनी मला बोलावून ट्रंकेतून एक रुमालात बांधलेली पुरचुंडी काढली. व्याजातून वाचवलेले ४०,००० रुपये होते. मला वाटलं, आता हेही मला परत देणार. पण ते म्हणाले, "हे पण पोस्टात ठेवू. हिच्या नावानं." नोव्हेंबरमध्ये आई पहिल्यांदा एकटीच्या नावाच्या खात्यावर सही करायला गेली. त्या तिसऱ्या पासबुकाची पिशवी हिरव्या खणाची आहे. तिमाहीला ८२० रुपये येतील.